‘म्हणून’ या शब्दाचे मोल



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण आज तुलसी नगरातील या सभागृहात जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी मराठी व्याकरण शिकलो. भोपाळसारख्या हिंदी भाषेच्या नगरात वाक्यपृथक्करणाचा पुढे उपयोग तो काय, असे आम्हा मुलांना वाटे. त्याचे उत्तर मला फार उशिरा, एका कारखान्यात मिळाले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

माझा व्यवसाय वाहन-अभियंत्याचा. आपल्याकडील मोटार वाहनांना १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ ची केंद्रीय मोटार वाहन नियमावली लागू आहे. नियम १२६ नुसार नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नियमांच्या जोडीला ए.आय.एस. मानके असतात आणि या साऱ्यांत वरचेवर दुरुस्त्या होतात. म्हणून प्रत्येक नियमाचे तुकडे करून ‘आहे काय? नाही काय?’ अशी तपासणी-सूची करावी लागते. पूर्वी या कामात आमचे महिने जात. आता कृत्रिम बुद्धिमत्ता तीच सूची काही मिनिटांत पुढे ठेवते. माझ्या नजरेतून निसटलेल्या दुरुस्त्याही तिने दाखविल्या आहेत. तिची निंदा करण्यास मी उभा नाही.

परंतु एक अनुभव सांगतो. मोटारसायकलविषयीच्या नियम १२३ चा मूळ आशय असा : मागे बसणाऱ्यासाठी बाजूस किंवा चालकाच्या आसनामागे पक्की मूठ असावी, पाय ठेवण्यास आधार असावा, आणि मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असावे. यंत्राने याचे तीन नेटके प्रश्न केले : मूठ आहे काय? पायाला आधार आहे काय? अर्धे चाक झाकले आहे काय? आमच्या नमुन्यापुढे तिन्ही ठिकाणी ‘होय’ अशी खूण पडली. मी सही करणार, तोच आमच्या विभागातील एका तरुण सहकारिणीने विचारले, “सर, पदर अडकतो का, हे कुणी पाहिले?”

तिने आपली जुनी ओढणी आसनावर टाकली, गाडी स्टँडवर उभी केली आणि चाक हाताने फिरविले. आवरण मापात बरोबर होते, पण आवरण व चाक यांमधील फटीतून ओढणी आत ओढली गेली. मी मान खाली घातली.

सूचीत चूक एकच होती. ‘अडकू नये म्हणून’ हे शब्द गळले होते. बाई फळ्यावर लिहीत, “म्हणून हे येथे उद्देशबोधक अव्यय आहे.” मुख्य वाक्य काय करावे ते सांगते, गौण वाक्य कशासाठी ते सांगते. गौण हे केवळ व्याकरणातील नाव आहे, त्याचे मोल गौण नव्हे.

हा धडा संबंध देशाने एकदा घेतला आहे. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक सर्वत्र लागू व्हायचे होते. नियम निर्मितीविषयी आहे, विक्रीविषयी नाही, असे म्हणत उत्पादकांनी जुन्या बीएस-३ वाहनांचा साठा विकण्याची मुभा मागितली. तो साठा सुमारे ८ लाख २४ हजार वाहनांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी लोकांचे आरोग्य व्यापारी हितापेक्षा मोठे मानून त्या वाहनांची विक्री व नोंदणी थांबविली. केवळ अक्षर वाचणाऱ्यांची सूची त्या दिवशी निरुपयोगी ठरली.

आता आमच्या विभागात यंत्राने केलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी नियमाचे मूळ वाक्य आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख ठेवतो. त्यापुढे ‘कशासाठी?’ असा रकाना असतो. तो माणसाने स्वतः लिहायचा आणि खाली सही करायची. यात वेळ जातो, हे मान्य आहे. पण वाचलेला सगळा वेळ हिशेबात जमा धरायचा नसतो. त्यातील थोडा विचारासाठी राखून ठेवायचा असतो.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापुढे अशी कितीतरी तयार उत्तरे येतील. ती जरूर घ्या. मात्र त्यांतला ‘म्हणून’ कोठे गेला, हे विचारायला विसरू नका. बाईंनी आम्हाला तो शोधायला शिकविले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.