चंद्राचा रंग



पंचवीस वर्षे मी वर्गात चंद्र रुपेरी म्हणून शिकविला. वस्तुतः त्याची माती काळसर करडी आहे. पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच ती परतविते. काळ्या आकाशापुढे तेवढाही प्रकाश शुभ्र भासतो. निजामपुऱ्यातील गच्चीवरून कोजागरीचा चंद्र उगवताना पिवळा-तांबूस दिसतो, कारण हवेच्या जाड थरातून येताना निळा प्रकाश वाटेतच विखुरतो. ७ सप्टेंबर २०२५ सारख्या खग्रास ग्रहणात त्याच्यावर पडणारी लाली पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेली, म्हणजे आपल्याच सूर्योदय-सूर्यास्तांची असते.

हे सांगणारी पुस्तके या ग्रंथालयात काव्याच्या शेजारच्याच कपाटात होती. तिकडे मी फिरकलो नाही. चंद्राचे त्याने काही बिघडले नाही. माझे शिकविणे मात्र उणे राहिले.