एकदा धरलं की न सोडणारं औषध

घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी तुम्ही पाहिली असेल. गंमत बघा, रक्तात उतरलेलं ॲस्पिरिन अर्ध्या तासात निम्म्याहूनही कमी उरतं. मग दिवसाला एकच गोळी पुरते कशी? कारण जाता जाता ते प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लाला आपला तुकडा कायमचा चिकटवतं. प्लेटलेटला केंद्रकच नाही, त्यामुळे नवं एन्झाइम बनवायची सोय नाही. तिचं उरलेलं आठ-दहा दिवसांचं आयुष्य तसंच जातं.

बहुतेक औषधं अशी नसतात. प्रथिनाच्या खाचेत बसतात, उठतात, पुन्हा बसतात. सहसंयुज बंध करणाऱ्या औषधांना कंपन्या बरीच वर्षं बिचकून होत्या, आणि उगाच नव्हे. भलत्याच प्रथिनाला चिकटलं तर यकृताला इजा होऊ शकते.

आता केआरएएस घ्या. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारा हा स्विच. बिघडला की चालूच राहतो. कर्करोगाशी त्याचं नातं १९८०च्या दशकातच कळलं, पण औषध बसेल अशी खाचच सापडेना. याला औषध नाहीच, असं लोक म्हणू लागले.

पण फुफ्फुसाच्या कर्करोगात दिसणाऱ्या जी१२सी या बिघाडात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी सिस्टीन येतं. सिस्टीनमधलं गंधक बंध करायला उत्सुकच असतं. निरोगी पेशीत तिथे ग्लायसीन, म्हणजे पकडायला काहीच नाही. रोगानेच कडी बसवून दिली म्हणा ना! २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हन शोकाट यांच्या गटाने या कडीला धरणारे रेणू शोधले, आणि शेजारीच तोवर न दिसलेली खाच सापडली.

नुसता चिकटपणा मात्र कामाचा नाही, बरं का. पेशीत ग्लुटाथायोन भरपूर असतं, त्यातही सिस्टीन. हूक जहाल असला तर तिथेच खर्ची पडेल. म्हणून ॲक्रिलामाइडचा मवाळ हूक: रेणू आधी खाचेत नीट बसतो, मगच बंध होतो. असं सोटोरासिब मे २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

चाचणीत साधारण ३७ टक्के रुग्णांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या. पण निम्म्या रुग्णांत सात महिन्यांच्या आतच रोग पुन्हा सरकला. मला हे आकडे लपवायचे नाहीत.

आणि रिपोर्टवर नुसतं ‘केआरएएस’ वाचून थांबू नका, शेवटचं अक्षर डॉक्टरांना विचारा. स्वादुपिंडाच्या कर्करोगात सर्वाधिक दिसतो तो जी१२डी. तिथे सिस्टीन नाही, ॲस्पार्टिक आम्ल आहे. हा हूक त्याला लागत नाही.