कोकण कोठून कोठपर्यंत?

पवनेच्या खोऱ्यातील रहाटणीसारख्या एकेकाळच्या शेतकरी गावात आज कारखान्यांतील नोकरीनिमित्त आलेली कितीतरी कोकणी कुटुंबे नांदत आहेत; त्यांत कोणी रोह्याकडचा, कोणी गुहागरचा, कोणी सावंतवाडीचा, आणि तरीही तिघे आपला मुलूख एकाच नावाने सांगतात. त्या मुलुखाच्या सीमा कोणी व कशा ठरविल्या, याचा विचार आज करावयाचा आहे.

पूर्व आणि पश्चिम या दोन दिशांचा निवाडा निसर्गानेच करून ठेवला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले जे पाणी पूर्वेकडे वळते, ते पवना, मुळा, भीमा, कृष्णा अशा वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. जे पश्चिमेकडे कोसळते, ते उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी यांच्या खाड्यांतून थोडक्याच अंतरावर अरबी समुद्र गाठते. ही पाणलोटाची रेषा कोणत्याही बादशहाला हलविता आली नाही.

उत्तर आणि दक्षिण सीमा मात्र राज्यकर्त्यांच्या सामर्थ्याप्रमाणे सरकत राहिल्या. अशोकाच्या शिलालेखांत अपरान्ताचा, म्हणजे या पश्चिम किनारपट्टीचा, उल्लेख येतो, आणि त्या लेखमालेचे तुकडे याच किनाऱ्यावर सोपाऱ्यास सापडले आहेत. पुराणकारांनी सप्तकोकणाची कल्पना थेट केरळापर्यंत ताणली. उत्तरेच्या शिलाहारांनी ताम्रपटांत आपले कोकण चौदाशे गावांचे म्हणून नोंदविले, तर गोव्याच्या कदंबांचे कोकण नऊशे गावांचे होते. पुढे निजामशाही व आदिलशाही यांच्यामध्ये सावित्री नदी ही सरहद्द झाली. शिवकालीन दप्तरांत कल्याणचा सुभा आणि प्रभावळीचा मामला दिसू लागले. इंग्रजी अमलात ठाणे, कुलाबा, रत्नागिरी हे जिल्हे झाले आणि जंजिरा व सावंतवाडी ही संस्थाने वेगळी राहिली. आजचा कोकण महसुली विभाग पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, मुंबईसह सात जिल्ह्यांचा आहे; कोकण रेल्वे मात्र रोह्याला सुरू होऊन गोवा ओलांडीत मंगळूरनजीक ठोकूरपर्यंत जाते.

यावरून माझे मत असे की, सुभे, महाल आणि जिल्हे ही वसुलीच्या सोयीसाठी केलेली वाटणी होय. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत भात, नारळ आणि मासळी यांवर जगणाऱ्या, खाडीतून व्यापार आणि घाटातून दळणवळण करणाऱ्या लोकवस्तीने कोकण हे नाव राजवटींच्या पलीकडे टिकविले. म्हणून त्याची व्याख्या करताना नकाशाइतकाच त्या वस्तीच्या कागदपत्रांचाही आधार घेतला पाहिजे.

घाटावर स्थायिक झालेल्या कोकणी श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे, की गावाकडचे जुने घर मोडण्यापूर्वी त्यातील मोडी कागद, सनदा आणि वहिवाटीच्या नोंदी जाणकारांकडून वाचून घ्याव्यात व जपून ठेवाव्यात. मौजे, तर्फ आणि महाल यांची नावे त्यांतच सापडतील, आणि कोकणाचा खरा विस्तार ठरविण्यास त्यांहून विश्वसनीय साक्ष मिळणार नाही.