बीपीची गोळी आणि रक्तातलं पोटॅशियम

गटाच्या बैठकीत बीपीच्या गोळीचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच, "अगं, रोज केळं खा, नारळपाणी पी, पोटॅशियम मिळतं." सल्ला मायेचा असतो. पण तो एकीला मानवतो आणि दुसरीला घातक ठरू शकतो, कारण बीपीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

पोटॅशियम हा क्षार स्नायूंना लागतो, आणि हृदय हाही स्नायूच. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ३.५ ते ५ असावं. जादा झालेलं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. गोळ्यांचा परिणाम होतो तो बहुतेक इथंच.

हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, फुरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. लघवीबरोबर पोटॅशियमही निघून जातं. मग पाय गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि आपण "कामाचा शीण असेल" म्हणून सोडून देतो.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांचं उलटं. त्या पोटॅशियम धरून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोनही तसंच करते, आणि गंमत म्हणजे तीसुद्धा लघवीचीच गोळी! अॅम्लोडिपिनचा मात्र पोटॅशियमशी फारसा संबंध नाही. कधी एकाच गोळीत दोन औषधं असतात, म्हणून पाकिटावरची नावं वाचून घ्यावीत.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती अशा बाईची, जिला बीपीबरोबर जुना मधुमेह आहे, मूत्रपिंडं थोडी थकली आहेत आणि गुडघे दुखतात. ती टेल्मिसार्टन घेते. दुखायला लागलं की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणते. त्यानं मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो आणि पोटॅशियम चढतं. त्यात "मीठ कमी करा" ऐकून घरात लो सोडियम मीठ येतं. त्यातलं काही सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, हे कितीजणींना ठाऊक असतं? वाढलेलं पोटॅशियम बऱ्याचदा काहीच त्रास देत नाही, आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडवतं.

म्हणून अशी गोळी सुरू करण्याआधी, आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्यायची. आकडा जास्त आला तर डॉक्टर कधी पुन्हा रक्त मागतात. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका.

गोळी मनानं बंद करू नका, बीपी उसळेल. उलट्या-जुलाब लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, गोळी चालू ठेवायची की थांबवायची. छातीत धडधड झाली, चक्कर आली, हातापायातली ताकद गेली, तर उद्यावर ढकलू नका. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, गुडघ्याच्या गोळीचंसुद्धा.