हब नव्हे, स्विच



माझी बरीच वर्षे रॅकसमोर उकिडवे बसण्यात गेली, तेव्हा बोलणार तेही तिथलेच. आपल्या कोटेशनांत अजूनही ‘गिगाबिट हब’ असे लिहिलेले असते. दुकानात त्या नावाने जे मिळते आणि आपण बसवतो, तो स्विच असतो.

हबला काही कळत नसे. एका पोर्टमधून आलेले तो उरलेल्या सगळ्या पोर्टांत ओतायचा. ज्याचे असेल त्याने घ्यावे. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले की टक्कर; मग दोघांनी थांबायचे, कमीजास्त वाट पाहायची आणि पुन्हा बोलायचे. 1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली, तेव्हापासूनची ही शिस्त.

स्विच लक्षात ठेवतो. फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा 48 बिटांचा मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला, ते तो तक्त्यात टिपतो. मग ज्याच्यासाठी फ्रेम आहे त्याचा पत्ता त्याच तक्त्यात शोधून तेवढ्याच पोर्टमधून ती सोडतो. पत्ता सापडला नाही, तर सगळीकडे. दोघांनी एकाच यंत्राकडे एकदम फ्रेमा पाठवल्या तर त्या रांगेत थांबतात. रांग भरली की पुढच्या टाकून दिल्या जातात. पहिला इथरनेट स्विच 1990 मध्ये अमेरिकेतल्या ज्या कंपनीने बाजारात आणला, तिचे नाव ‘कल्पना’ होते. ते मला फार आवडते.

गिगाबिटच्या 1998 च्या मानकात हबची सोय ठेवली होती. पण वेग दसपट झाल्यावर टक्कर ओळखायला मिळणारा वेळ तेवढाच आक्रसला. म्हणून 64 बाइटांच्या फ्रेमसाठीही 512 बाइटांइतका वेळ तार अडवून धरावी लागणार होती. तोवर स्विच स्वस्त होत चालले होते. तसला हब बाजारात रुजलाच नाही.

नावाने काय बिघडते, असे तरुण मंडळी विचारतात. एका कार्यालयात नवा ‘हब’ बसवूनही एका मशीनचा वेग 100 मेगाबिटवरच अडकला होता. तिथल्या मुलांनी निदान केले की सगळी यंत्रे एकाच वेगात वाटेकरी आहेत, काही कमी करा. हबच्या बाबतीत ते खरे ठरले असते. स्विचवर प्रत्येक पोर्टला आपला पूर्ण वेग मिळतो. मी भिंतीवरचा जॅक उघडला. निळ्या जोडीची एक तार खाचेत नुसती टेकवलेली होती, पंच झालेली नव्हती. 100 ला दोन जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात, प्रत्येकीवर 250 मेगाबिट, दोन्ही दिशांना एकाच वेळी. तार पुन्हा पंच केली आणि मशीन 1000 वर आले. एकही यंत्र काढावे लागले नाही.

तेव्हा माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. उद्याच्या कोटेशनात ‘स्विच’ लिहा, हाताखालच्या मुलांना तक्ता कसा भरतो ते समजावून सांगा आणि वेगाची तक्रार आली की आधी आठही तारा तपासा.