वाचकाच्या दारी जाणारे ग्रंथालय: न्यूयॉर्क, बडोदे आणि परदेशातील मराठी वाचक

ग्रंथालयाची थोरवी सांगताना इमारत, कपाटे आणि ग्रंथसंख्या यांचीच गणती आधी केली जाते. परंतु एखादे ग्रंथालय खरोखर सार्वजनिक आहे की नाही याची कसोटी वेगळी आहे. जो वाचक स्वतःहून त्याच्या पायऱ्या चढणार नाही त्याच्यासाठी ते काय करते, ही ती कसोटी होय. या कसोटीला उतरण्यासाठी ग्रंथालयाला तीन गोष्टी कराव्या लागतात. पुस्तक व माहिती वाचकापर्यंत पोहोचवणे, म्हणजे सेवा, ही पहिली. व्याख्याने, कथाकथन, वर्ग यांच्या निमित्ताने लोकांना एकत्र आणणे, म्हणजे कार्यक्रम, ही दुसरी. आणि हे सर्व करणाऱ्या ग्रंथपालांनी आपसांत भेटून एकमेकांचे अनुभव पारखून घेणे, म्हणजे व्यावसायिक परिषदा, ही तिसरी. मराठी समाजात पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसरीविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि पहिल्या दोन्ही दीर्घकाळ टिकतात त्या तिच्याच आधाराने, हे ध्यानात घेतले जात नाही.

अमेरिकेतील ग्रंथालयांची वाढ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो या गावाने 1833 मध्ये करातून ग्रंथालय चालवण्याचा निर्णय घेतला आणि 1848 मध्ये बोस्टन शहराला तसे ग्रंथालय स्थापण्याची कायदेशीर परवानगी मिळाली. तरीही हे प्रयोग बराच काळ आपापल्या गावापुरतेच राहिले. ऑक्टोबर 1876 मध्ये फिलाडेल्फिया येथे ग्रंथपालांची परिषद भरली, तीतून अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही संघटना जन्माला आली आणि त्याच वर्षी ‘लायब्ररी जर्नल’ हे नियतकालिक निघाले. तेव्हापासून एका गावात साधलेली गोष्ट दुसऱ्या गावाला कळू लागली. या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेले मेल्विल ड्यूई पुढे न्यूयॉर्क राज्याचे ग्रंथपाल झाले आणि 1890 च्या दशकात त्यांनी ‘फिरती ग्रंथालये’ सुरू केली. ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तेथे निवडक पुस्तकांचा संच ठरावीक मुदतीसाठी पाठवायचा, मुदत संपली की तो परत घेऊन दुसरा द्यायचा, अशी ही साधी व्यवस्था होती. मेरीलँडमधील हेगर्सटाउनच्या ग्रंथपाल मेरी टिटकोम्ब यांनी 1905 मध्ये घोडागाडीत पुस्तके भरून ती शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेली. अशा कल्पना अल्पावधीत देशभर पसरल्या, याचे श्रेय त्या काढणाऱ्यांच्या प्रतिभेला जितके आहे तितकेच त्या ऐकून घेणाऱ्या आणि टिपून ठेवणाऱ्या परिषदांनाही आहे.

याच अमेरिकेत 1906 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आले होते. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले होते आणि त्यातूनच एक नवी अडचण पुढे उभी राहत होती: चार इयत्ता शिकून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर तो काही वर्षांत अक्षरे विसरून जातो आणि शिक्षणावर केलेला सारा खर्च वाया जातो. ग्रंथालय ही सक्तीच्या शिक्षणाची अपरिहार्य पुढची पायरी आहे, हा सयाजीरावांचा निष्कर्ष त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्वच म्हटला पाहिजे. तो अमलात आणण्यासाठी त्यांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना 1910 मध्ये बडोद्यास आणले. बॉर्डन तेथे जेमतेम तीन वर्षे होते. पण त्या तीन वर्षांत उभी राहिलेली रचना इतकी पूर्ण होती की ते परतल्यावरही ती पुढे चालू राहिली.

त्या रचनेच्या मध्यभागी बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय होते. महाराजांच्या राजवाड्यातील खासगी ग्रंथसंग्रह त्याला मिळाला आणि तेथे ‘मुक्तद्वार’ पद्धत स्वीकारण्यात आली. म्हणजे काउंटरवर चिठ्ठी देऊन शिपायाकरवी पुस्तक मागवण्याऐवजी वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन, पाने चाळून, हवे ते पुस्तक निवडायचे. पुस्तक हाताळू देणे म्हणजे वाचकावर विश्वास टाकणे होय, आणि हा विश्वास दाखवायला पुढे स्वतंत्र भारतातील अनेक ग्रंथालयेही बिचकली, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र सोय होती. मुलांच्या दालनात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी दृश्य शिक्षणाची शाखा होती. तिच्यामार्फत गावोगाव मॅजिक लँटर्नची चित्रे व चित्रपट मोफत दाखवले जात. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे, ही जाणीव या शाखेमागे होती आणि बडोद्याच्या साऱ्या प्रयोगात ती सर्वांत मोलाची आहे.

खेड्यांसाठी फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या होत्या. ड्यूईंची न्यूयॉर्कमधील कल्पना अशा रीतीने गुजरातच्या रेल्वेत चढली. पेटी ठरावीक मुदतीसाठी गावात राही, तिच्यासाठी वाचकाला काही द्यावे लागत नसे आणि नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. परंतु बडोद्याने नुसती उसनवारी केली नाही. गावात कायमचे ग्रंथालय हवे असेल तर गावकऱ्यांनी वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत, लहान खेड्यासाठी 100 रुपयांपर्यंत, वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम स्थानिक पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने, असा तिहेरी वाट्याचा नियम करण्यात आला. या नियमाचे मर्म असे की ग्रंथालय सरकारने वरून टाकलेली देणगी राहिले नाही. गावाने मागितल्यावाचून ते येत नव्हते आणि मागितले तर नाकारलेही जात नव्हते. ही मागणी गावागावांत उत्पन्न करण्याचे काम मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी केले, आणि त्यांच्यावाचून बॉर्डन यांची आखणी कागदावरच राहिली असती.

तथापि या संपूर्ण व्यवस्थेचा कणा होती ती माणसे घडवण्याची सोय. बॉर्डन यांनी 1911 मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथालय-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो. वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांची मांडणी, आणि तालिकीकरण, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची शोधण्याजोगी नोंद, ही कामे शिकून घ्यावी लागतात, केवळ वाचनाची आवड असून भागत नाही, हे तेथे प्रथमच मान्य झाले. ग्रंथालयांत काम करणाऱ्यांनी एकत्र यावे म्हणून बडोदा लायब्ररी क्लब स्थापन झाला आणि 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीचाही विभाग होता. ग्रंथालय-व्यवसायावरचे इतक्या आरंभीचे मराठी लेखन ज्या नियतकालिकातून आले त्याची आठवण मराठी वाचकाला आज क्वचितच असते, ही खेदाची गोष्ट आहे. बॉर्डन यांच्यानंतर विभागाची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. त्यांनी 1919 मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि बडोद्याचा अनुभव इतर प्रांतांना उपलब्ध झाला तो अशा लेखनामुळे.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांचा इतिहास याहून जुना आहे. पण त्याची घडण निराळी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चे. यांतील मराठी ग्रंथसंग्रहालये भाषाप्रेमी नागरिकांनी वर्गणी काढून उभारली, आणि व्याख्याने, चर्चा, ग्रंथप्रदर्शने हा त्यांच्या कार्याचा आरंभापासूनचा भाग राहिला. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा 1967 मध्ये झाला. या कायद्याने लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून शासकीय अनुदान दिले. मात्र 1948 च्या मद्रास कायद्यात आहे तसा ग्रंथालय-कर त्यात नाही. परिणामी ग्रंथालयाचे जिणे अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून राहिले, पुस्तक घरी नेण्यासाठी वर्गणी आणि अनामत भरणे बहुतेक ठिकाणी आवश्यकच राहिले, आणि खेड्यातील ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर, पुष्कळदा पुरेशा प्रशिक्षणावाचून, काम करीत राहिला. महाराष्ट्रात कार्यक्रमांची वाण नाही. परंतु ते बव्हंशी आधीच वाचणाऱ्यांसाठी असतात. जो येत नाही त्याच्याकडे जाण्यासाठी पूर्ण वेळेचा, शिकलेला आणि सन्मानाने वेतन घेणारा ग्रंथपाल लागतो, व्याख्यानमालेने ती उणीव भरून निघत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना असा ग्रंथपाल घराशेजारच्या ग्रंथालयातच उपलब्ध आहे, आणि त्याची पूर्ण ओळख त्यांनी करून घेतली पाहिजे. न्यूयॉर्कमधील क्वीन्सच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1977 मध्ये नवागतांसाठी विशेष उपक्रम सुरू केला. इंग्रजीचे वर्ग, स्थलांतरितांच्या मातृभाषांतील संग्रह आणि त्यांच्या संस्कृतीचे कार्यक्रम हे त्याचे अंग बनले. तेथे जे मोठ्या प्रमाणावर झाले ते लहान गावातही मागता येते. जवळजवळ प्रत्येक ग्रंथालयात वाचकाने पुस्तक खरेदीची सूचना करण्याची सोय असते. याशिवाय आंतरग्रंथालयीन देवघेव असते, म्हणजे आपल्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून घेणे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय 1962 पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकेतील संशोधन-ग्रंथालयांसाठी मिळवत आले आहे, त्यामुळे शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठीचा मोठा संग्रह जमला आहे. आणि गावातल्या शाखेत अर्ज भरून त्यातील काही पुस्तके मागवता येणे शक्य असते.

पुस्तके भेट देण्याच्या उत्साहाबाबत मात्र सावध राहणे बरे. घरातील जुन्या मराठी पुस्तकांची खोकी ग्रंथालयाच्या दारात नेऊन ठेवली, तर ती बहुधा कपाटात न जाता जुन्या पुस्तकांच्या विक्रीत जातात, आणि याचे कारण अनास्था नसते. मराठी पुस्तकाची नोंद करायची तर लेखकाचे नाव व शीर्षक ठरलेल्या लिप्यंतर-पद्धतीने रोमन अक्षरांत लिहावे लागते, विषय ठरवावा लागतो, आणि ते वाचू शकणारा माणूस शाखेत नसतो. गावातील मराठी मंडळाने निवडक, चांगल्या स्थितीतील पुस्तके आणि त्यांच्याबरोबर नोंदीची तयार माहिती व मदतीला एक जाणकार दिला, तर तीच भेट आनंदाने स्वीकारली जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या परदेशांतील मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या आहेत, आणि त्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु पेटी मंडळाच्या सभासदांतच फिरते, तर सार्वजनिक कपाटातले मराठी पुस्तक, मंडळाचे नावही न ऐकलेल्या मराठी कुटुंबातील मुलाच्या नजरेस पडते. दोन्ही हवीत, आणि दुसऱ्याची तजवीज अजून फार थोड्या ठिकाणी झाली आहे.

कपाटात गेलेले पुस्तक तेथे टिकवणे हेही काम आहे. अमेरिकन ग्रंथालये वेळोवेळी छाटणी करतात. बराच काळ कोणी न नेलेली पुस्तके संग्रहातून काढली जातात, आणि मराठी पुस्तकांना त्यातून सूट नाही. म्हणून संग्रहाबरोबर कार्यक्रम लागतो: महिन्यातून एकदा मुलांसाठी मराठी कथाकथन, आणि ते संपल्यावर त्या मुलांनी तेथल्या तेथे मराठी पुस्तके आपल्या नावावर घरी नेणे. कथाकथनाची उपस्थिती आणि पुस्तकांची देवघेव यांचे आकडे ग्रंथालय नोंदवते, ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळाच्या सभा सामान्यतः नागरिकांना खुल्या असतात, आणि पुढील वर्षी मराठीसाठी काही रक्कम ठेवावी ही मागणी तेथे त्याच आकड्यांच्या आधारे करता येते. जी मराठी माणसे या देशात ग्रंथपाल म्हणून काम करतात त्यांनी असे अनुभव ग्रंथपालांच्या परिषदांतून मांडावेत, म्हणजे एका गावात मराठी कपाट कसे उभे राहिले हे दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाला मराठी न येताही कळेल.