जुन्या मोटारीस मोठे टायर

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढविणारा लोहार आधीं चाकाचा घेर मोजतो आणि मगच लोखंड तोडतो. धांव मोठी झाली तर ती वाटेंत निघून पडते; फार लहान झाली तर चाकावर चढतच नाहीं. मोटारीच्या रबरी धांवेलाहि हाच न्याय लागू आहे. फरक इतकाच कीं, बैलगाडींत झालेली चूक वाड्याच्या दारांतच दिसते, आणि मोटारींत झालेली चूक पुष्कळदां डोंगराच्या उतारावर प्रत्ययास येते.

अमेरिकेंत जुन्या पिकअप्‌ गाड्यांवर मूळ मापाहून मोठे टायर चढविण्याची हौस पुष्कळ आहे. पुढें केबिन व मागें उघडा हौदा अशी ही गाडी शेतमळ्यावर, जंगलांत व डोंगरवाटांवर उपयोगी पडते. आणि चारही चाकांना इंजिनाची शक्ति मिळत असली म्हणजे चिखल व वाळू यांची तिला फारशी भीति राहत नाहीं. उदाहरणासाठीं टोयोटा कंपनीची पिकअप्‌ घेणें सोयीचें होईल. हिची चार चाकांना शक्ति देणारी जात अमेरिकेंत १९७९ सालच्या नमुन्यापासून विकली गेली. १९८५ पर्यंतच्या नमुन्यांत पुढचा आंस अखंड होता. १९८६ पासून दोन्ही चाकें स्वतंत्रपणें खालींवर होणारी रचना आली. अखंड आंसाच्या या गाड्यांना आजहि चाहते आहेत. यांपैकीं बऱ्याच गाड्यांवर सुमारें २८ इंच व्यासाचे टायर येत. त्यांच्या जागीं ३१, ३३ किंवा ३५ इंचांचे टायर बसवावे, अशी मालकाची इच्छा असते.

ही इच्छा केवळ दिखाऊपणाची आहे असें समजूं नये. अखंड आंसाच्या गाडीचा सर्वांत खालचा महत्त्वाचा भाग म्हणजे आंसाच्या पोटांतील दंतचक्रांची पेटी. वाटेंतला दगड प्रथम तिलाच लागतो. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, उंच पाटे घातले म्हणजे गाडी दगडावरून सुखरूप जाईल. परंतु पाट्यांनीं उचललें जातें तें पाट्यांवरचें धूड; आंस होता तेथेंच राहतो. आंसाला जमिनीपासून वर उचलणारी वस्तु एकच, ती म्हणजे टायर. तोहि वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेंच उचलतो. २८ च्या जागीं ३१ इंचांचा टायर आला तर आंस सुमारें दीड इंच वर जातो. ही वाढ थोडी वाटली तरी खडकाळ वाटेवर तेवढ्यानेंच काम भागतें. शिवाय मोठें चाक खड्ड्यांत कमी उतरतें. आणि हवा थोडी कमी केली म्हणजे जमिनीवर त्याचा ठसा लांब पडून गाडीचें ओझें अधिक जागेवर वांटलें जातें. आइसलंडांतील मोटारवाल्यांनीं याच तत्त्वावर हिमनद्यांवरून गाड्या नेल्या. २००७ सालीं तेथील आर्क्टिक ट्रक्स या कारखान्यानें सज्ज केलेली टोयोटा हायलक्स गाडी ३८ इंची टायरांवर गोठलेल्या समुद्रावरून गेली, आणि चुंबकीय उत्तर ध्रुव १९९६ सालीं ज्या जागीं होता तेथवर पोंचली.

परंतु कोणतीहि उंची फुकट मिळत नाहीं. पहिली किंमत इंजिन देतें. चाक मोठें झालें कीं एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर जाते; म्हणजे दंतचक्रांचें प्रमाण बदलल्यासारखेंच होतें. या जुन्या टोयोटांत आंसांतील दंतचक्रांचें प्रमाण साधारणतः ४.१० च्या आसपास असे. ३३ इंची टायर लागतांच तें ३.५० झाल्यासारखी गाडी वागूं लागते. सुमारें सव्वादोन लिटरांचें लहान इंजिन चढावर धापा टाकतें, वरचा गिअर निरुपयोगी होतो आणि क्लच लवकर झिजतो. उपाय आहे तो दंतचक्रें बदलण्याचा. हिशेब सोपा आहे: नव्या व्यासाला जुन्या व्यासानें भागावें आणि येणाऱ्या संख्येनें जुनें प्रमाण गुणावें. ३३ इंचांसाठीं सुमारें ४.८ येतात, बाजारांत त्याच्या जवळचें ४.८८ हें प्रमाण मिळतें. ३५ इंचांसाठीं सुमारें ५.१ येतात, तेथें पुष्कळजण ५.२९ घालतात. मात्र पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांत एकच प्रमाण असलें पाहिजे. नाहीं तर चारही चाकें जोडतांच पुढचें व मागचें यंत्र एकमेकांशीं झगडूं लागतें.

दुसरी किंमत वेगमापकाच्या सत्यतेची. मापक चाकाचे फेरे मोजतो. चाक वाढलें हें त्याला ठाऊक नसतें. तो ताशीं ६० मैल दाखवीत असतां ३१ इंची टायरांवर गाडी जवळजवळ ६६ मैलांनीं आणि ३३ इंचींवर ७० मैलांनीं धांवत असते. अंतराचा आंकडाहि असाच कमी पडतो. म्हणून गाडी तेल अधिक खाते अशी तक्रार करण्यापूर्वीं मालकानें हिशेब सुधारून घ्यावा.

तिसरी किंमत सर्वांत भारी, आणि तीच अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. ब्रेक चाकाच्या मध्याशीं धरतो, आणि गाडी थांबते ती चाकाच्या काठावर. मध्यापासून काठ जितका दूर गेला तितका त्याच ब्रेकचा जोर कमी पडतो. ३३ इंची टायरावर तो सुमारें सातव्या हिश्शानें घटतो. ३५ इंचीवर जवळजवळ पांचव्या हिश्शानें. त्यांत टायर स्वतःच जड; तें फिरतें वजनहि त्याच ब्रेकला आंवरावें लागतें. उतारावर गिअर खालीं घेऊन इंजिनाच्या आधारें गाडी आंवरण्याची जी शहाणी रीत आहे, तिचेंहि बळ त्याच प्रमाणांत ओसरतें. हौद्यांत माल भरलेला, मागच्या चाकांचे जुने ड्रम झिजलेले, घाटाचा उतार लांब, आणि मापक खरा वेग सांगत नाहीं, अशा वेळीं टायरवाल्याच्या दुकानांतला आनंद कोणाच्या कामीं येत नाहीं. गाडी उंच झाल्यानें तिचा तोलहि वर गेलेला असतो, आणि वळणावर ती अधिक सहज कलंडते.

यानंतर प्रश्न जागेचा. ३१ इंच व्यासाचा व साडेदहा इंच रुंदीचा टायर सात ते नऊ इंच रुंदीच्या रिमवर बसावा, असा कारखानदारांचा दंडक आहे. रिम बाहेर फार काढली तर चाकाच्या बेअरिंगवर तिरपा भार पडतो. फार आंत घेतली तर टायर पाट्यांना घासतो. म्हणून टायर लावल्यावर गाडी जागच्या जागीं पाहून समाधान मानूं नये. एक चाक उंचवट्यावर चढवून पाटे दाबले जाऊं द्यावे, स्टिअरिंग दोहींकडे शेवटपर्यंत वळवावें, आणि मडगार्डाच्या मागच्या कडेशीं टायर लागतो कीं काय तें पाहावें. त्याच वेळीं ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहींत ना, हेंहि बघावें.

पुढच्या आंसाच्या टोकांशीं असलेला सांधा हा या टोयोटांतील नाजूक भाग होय. त्याला मोटारवाले बर्फील्ड म्हणतात. मोठ्या टायरांवर, चाकें पुरतीं वळविलेलीं असतांना, खडकांत अडकलेल्या गाडीस जोर दिला कीं हा सांधा फुटतो. शहाणा चालक अशा वेळीं आधीं चाकें सरळ करतो, मग पाय दाबतो. पांचवें चाकहि त्याच मापाचें हवें. तें हौद्याखालच्या जुन्या जागीं पुष्कळदां मावत नाहीं, म्हणून त्याची सोय आधींच करावी.

कायदाहि विसरूं नये. अमेरिकेंत उंचीचे व टायर झांकण्याचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीचें मूळ स्वरूप मनास येईल तसें बदलूं देत नाहीं.

सारांश, क्रम उलटा लावावा. आधीं ब्रेक, मग दंतचक्रें, मग स्टिअरिंगचे सांधे, आणि शेवटीं टायर. या क्रमानें खर्चाचा अंदाज काढला म्हणजे ३५ इंचांचा आग्रह पुष्कळदां आपोआप ३१ वर येतो. आणि चाळीस वर्षांच्या गाडीला तेवढें माप बहुधा पुरतेंहि. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें माणसाला सांगितलें जातें. जुन्या मोटारीच्या मालकानें तें तिच्या चाकांनाहि सांगावें.